शेवटचा स्फटिक अजून गरम आहे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्राध्यापकवर्ग, कार्यालयातील मंडळी आणि मित्रमैत्रिणींनो,

आज ज्यांना निवृत्तीनिमित्त निरोप द्यायचा, त्या आमच्या बाईंचीच खुर्ची रिकामी आहे. चाललेली कुजबुज मला ऐकू येतेय. बाई रागावून गेलेल्या नाहीत, त्या खाली प्रयोगशाळेत भट्टीपाशी आहेत. मी म्हटलं, "बाई, समारंभ तुमचा आहे." त्या म्हणाल्या, "भाषणं माझ्याशिवाय होतील गं. भट्टीचं तसं नाही."

बाई आणि मी, त्यांची विद्यार्थिनी, रात्रंदिवस पाळीपाळीने तिथे बसतोय. जागरणाने माझा आवाज बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. भाऊ चिडवतो, "वितळवायचं आणि गार करायचं, एवढंच ना? बर्फ तर आपला फ्रीजही करतो, तोही न शिकता." त्याचं फारसं चुकत नाही. वितळलेल्या पदार्थात अणू वाट फुटेल तिकडे हिंडतात. गार होताना रांगा धरतात. हुकूम कोण सोडतं? कुणीच नाही. पण घाई केली, की जागोजागी वेगवेगळ्या रांगा सुरू होतात, प्रत्येकीचं तोंड निराळं, आणि त्या भिडतात तिथे कच्चे सांधे राहतात. कुणाला आपल्या बैठका आठवल्या असतील, तर माझा तसा हेतू नव्हता. सावकाश घेतलं, तर एका इवल्या बीजाची मांडणी सगळे उचलतात आणि अखंड स्फटिक वाढतो.

तो घट्ट झाला म्हणजे सुटलो, असं मला वाटायचं. पण आमच्या पदार्थात, तो निवत असताना आतली मांडणी आणखी एकदा बदलते. बाहेरून काही दिसत नाही. मागचा स्फटिक नेमका तिथेच तडकला, कारण वीज गेली आणि भट्टी एकदम गार झाली. बाई नुसतं म्हणाल्या, "पुन्हा लावू."

आताचा स्फटिक त्याच टप्प्यावर येतोय. आणि प्रयोगशाळेची खोली सामानासाठी हवी, म्हणून आज संध्याकाळी तिथली वीज तोडायची आहे.

अध्यक्ष महोदय, 'व्यासपीठावरून काही मागू नकोस' असं बाईंनी बजावलं होतं. तरी मागते. आठवडाभर ती वीज राहू द्या, तेवढ्यात तो सावकाश निवेल. बाईंच्या गौरवाचे शब्द मी लिहून आणले होते, पण ते वाचायला आता त्राण नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात मर्यादा सुटली असेल तर पोटात घाला. अध्यक्षांनी नुसती होकाराची मान हलवली तरी पुरे, निरोप मी खाली पोचवते. वायरमन येऊन थांबलाय, आणि बाई त्याच्या आणि स्विचच्या मध्ये उभ्या आहेत.