रत्नागिरीले गेलेला कूलर

कूलरचा विषय निघालाच हाय तर आयका. माह्या पोराले रत्नागिरीले नोकरी लागली. सूनबाईची मावशी तिथंच राह्यते, तिनं आपल्या शेजारीच घर पाहून देलं. इकडं पिपरीत ट्रकात सामान भरून राह्यलो होतो, तं पोरगं म्हणे, "बाबा, कूलर तुमच्यासाठी राहू द्या."

म्हटलं, "काऊन? उन्हाळ्यात नातीले घामोळ्या येतात. माहं काय, मी लिंबाखाली बसतो." नवा वाळा भरून तो लोखंडी कूलर चढवलाच. ट्रक गेला अन् घर असं सामसूम झालं का पंख्याची कुरकुर मले पहिल्यांदा आयकू आली.

एप्रिलात व्हिडिओ कॉल आला. मागून मावशी हासून राह्यली होती. "अहो व्याहीबुवा, इथं हवाच ओली. तुमच्या कूलरनं गाद्या भिजल्यासारख्या झाल्या!"

नात म्हणे, "आबा, त्यात आता मावशीआजीनं कांदे ठेवले."

पोरगं ओशाळलं. "बाबा, तिकडं तुमचे हाल होऊन राह्यले असतील. ट्रकनं वापस पाठवू?"

"ट्रकनं नको. तू सोता घेऊन येजो."

"एवढं धूड घेऊन कसा येऊ बाबा?"

"मंग कूलर राहू दे तिथंच. तुम्ही नुसतेच या."

पोरगं लय हासलं. मावशीलेही सांगे, बाबा पह्यलेपासून असेच गमत्या स्वभावाचे आहेत.

मंग मीबी हासलो.