चढ आला की कुणी उतरायचं

नाही, पण मला एक सांगा, गाडीच्या बॉनेटवर पातेलं उलटं बसवा असं मी म्हणालो होतो का? कुणाला म्हणालो? कधी म्हणालो? पण येणारा-जाणारा आधी पातेल्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि मग अशी मान हलवतो की, बिचारा... अहो, बिचारा काय बिचारा! त्या पातेल्याखाली सुपरचार्जर आहे, सुपरचार्जर! आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा गाडीला सुपरचार्जर कशाला? मला नका विचारू. मला आजवर कुणी काही विचारलंच नाही, सगळ्यांनी येऊन सांगितलं, आणि मी म्हटलं, बरं.

मुळापासून सांगतो. आमचं घर चढाच्या टोकाला. चढ म्हणजे साधासुधा नाही, दुधाची गाडीसुद्धा खालीच थांबते आणि दूधवाला वर बघून एक सुस्कारा टाकतो मग निघतो. आमची गाडी छोटी. मोठी का घेतली नाही? कारण आमचं फाटक अरुंद, मोठी गाडी आत शिरत नाही, आणि दुसरं म्हणजे ही गाडी बायकोने पसंत केलेली, शोरूममध्ये तिच्या टपावर थाप मारून म्हणाली होती, "हीच. बाकीच्या माजलेल्या दिसतात." तर छोटी गाडी, छोटं इंजिन. तिघं असलो तर कण्हत-कुंथत चढते, चौथा बसला किंवा सामान वाढलं की विजेच्या खांबापाशी येऊन गप्प. म्हणून घरातला नियम. खांब आला की कुणीतरी उतरायचं आणि चालत वर यायचं. आणि कुणीतरी म्हणजे बायको. का? तिचे पाय चांगले! वर्षानुवर्षं ती खांबापाशी स्वतःच दार उघडायची, उतरायची, आणि पुष्कळदा गाडीच्या आधी वर पोचून फाटक उघडून उभी असायची. कुणाला काही वाटत नव्हतं. म्हणजे, मला काही वाटत नव्हतं.

मग तो दिवस. एका समारंभाहून परत येत होतो, गाडीत मी, बायको, तिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू. आता साडू हा माणूस असा, तुम्हाला सांगतो, की तो बसला की गाडी आधी त्याच्या बाजूला कलते आणि मग सुरू होते. खांब आला. गाडी गप्प. न्यायाने कोण उतरायला हवं? साडू! पण साडूने काचेतून आभाळ बघायला घेतलं. आणि मी, सवयीने हो, नुसत्या सवयीने, आरशात बघून बायकोला म्हटलं, "उतर."

ती उतरली. पायात नवीन चपला. निम्म्या चढावर एकीचा अंगठा तुटला, मग दोन्ही हातात घेऊन अनवाणी चालत आली, आणि मागच्या काचेतून तिची धाकटी बहीण हात हलवून ओरडतेय, "ताई, ये गं हळूहळू! आम्ही चहा टाकतो!" टाकतो म्हणे! हिच्याच घरात, हिच्याच शेगडीवर! वर आली. पाहुणे आत गेल्यावर माझ्यासमोर उभी राहिली, तोंड लालबुंद, आणि विचारलं, "नेहमी मीच का?"

आता इथे तुम्हाला माझी नोकरी सांगायला हवी, नाहीतर तुम्हीही म्हणाल हा माणूस दगड आहे. मी लिफ्टच्या कंपनीत, तक्रारीच्या फोनवर. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं मला फोन करतात. "अहो, आम्ही अडकलोय!" बरं. "श्वास कोंडतोय माझा!" बरं, माणूस निघालाय, दारापासून लांब उभे राहा. "तुम्हाला काही कळतंय का, मी मरेन इथे!" बरं. हा आवाज यायला उमेदीची वर्षं जातात माणसाची. वर-खाली नाही, सपाट. साहेब नवीन लोकांना माझे फोन ऐकवतात, म्हणतात, असं बोलायचं. पण काय होतं, हा आवाज पाच वाजता ऑफिसात ठेवून येता येत नाही. बायको तिथे उभी, हातात तुटकी चप्पल, विचारतेय नेहमी मीच का, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

मी म्हटलं, बरं.

संपलं. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं बंद केलं आणि गाडीत बसणंही. भांडण नाही, आदळआपट नाही. आधी मुलीमार्फत बोलायची, "बाबांना सांग, गॅस संपलाय." मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा मला वाटलं आता बोलेल. नाही! फ्रिजशी बोलायला लागली! "फ्रिज, उद्या मला उशीर होईल, आमटी गरम करून घ्यायची." मी तिथेच उभा, फ्रिजला टेकून! बाजारात चालत जाते, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढ चढते, मी गाडीतून शेजारून जातो, हॉर्न देतो, काच खाली करतो, ती कुंपणावरच्या मांजराकडे बघते. आणि मला काय वाटायचं? काही नाही. खरंच. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, आहे पण आपला नाही, तसं आतून झालेलं. एवढंच कळत होतं की ही बाई परत या गाडीत बसली नाही, तर आम्ही दोघं असेच फ्रिजच्या दोन बाजूंना म्हातारे होणार.

ही बातमी पसरली. साडूचा फोन. साडू बोलतो तो भाषणच करतो. "हे बघा, मी त्या दिवसापासून या प्रश्नाचा अभ्यास केलेला आहे. तुमचा प्रॉब्लेम भावनिक नाही. तुमचा प्रॉब्लेम हवेचा आहे!" मी म्हटलं, कसला? "हवेचा! तुमच्या इंजिनाला हवा कमी पडते. सुपरचार्जर बसवा. बेल्टवर फिरणारा पंखा असतो, तो इंजिनात हवा कोंबतो. चौघं बसा, पाच जण बसा, कुणी उतरायचं नाही! उतरायचंच नाही म्हटल्यावर ताई रुसतील कशावर? मात्र किट घ्या. पूर्ण किट. खोक्यात सगळं येतं, स्क्रूसुद्धा मोजून. जुन्या मालाच्या नादी लागू नका. मी मागवतो."

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवला तर दारात दादा. माझा सख्खा थोरला भाऊ, त्याला जगातली कुठलीही नवी वस्तू बघवत नाही. भंगारबाजारात त्याला लोक नावाने हाक मारतात आणि स्टूल देतात. "किट? येड्या, किट घेतात ते लोक ज्यांना पाना धरता येत नाही! कोऱ्या मालाचा भरवसा काय? चाललाय का तो कधी? जुना सुपरचार्जर बघ, कुठल्यातरी दणकट गाडीचा काढलेला, रस्त्यावर घासून सिद्ध झालेला! आणि त्या तुझ्या साडूचं ऐकू नकोस, त्याने साधा बल्ब बदलला की गावभर फोन करतो. मी आणतो तुला शोधून."

मी म्हटलं, बरं.

तुम्ही म्हणाल, अरे, एकाला तरी नाही म्हणायचं! कसं म्हणायचं? जीभ त्या जागी वळतच नाही हो! आणि मग व्हायचं तेच झालं, रविवारी सकाळी फटाफटच्या गॅरेजमध्ये एका बाजूने साडू आला चकचकीत खोकं घेऊन, दुसऱ्या बाजूने दादा आला गोणपाटात काहीतरी गुंडाळून, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी माझ्याकडे. फटाफट म्हणजे आमचा मेकॅनिक. त्याला फटाफट म्हणतात कारण तो कुठल्याही कामाला "फटाफट होईल" म्हणतो आणि मग जेवायला जातो.

खोकं उघडलं. काय ते किट! एकेक नळी वेगळ्या पिशवीत, बोल्टांवर नंबर, सोबत जाडजूड पुस्तक. साडू पुस्तक वाचतोय, फटाफट बसवतोय, दादा नाक उडवतोय. अर्धा दिवस गेला आणि फटाफट बॉनेटखालून म्हणाला, "साहेब, हा पंखा जिथे बसवायचाय तिथे आपलं स्टिअरिंग आहे." साडू म्हणाला, "अशक्य. पुस्तकात तसं नाही." फटाफट म्हणाला, "पुस्तकातल्या गाडीचं स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला आहे." बघतो तर खरंच! साडूने मागवलेलं किट, गाडी हीच, मॉडेल हेच, पण ज्या देशात ड्रायव्हर पलीकडच्या बाजूला बसतो तिथलं! दादाला जो आनंद झाला म्हणता! त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो एवढा हसलेला नाही. "साडूबुवा, आता गाडी उलटी बसून चालवायची का?"

मग दादाचं गोणपाट सुटलं. त्यातून निघालं ते धूड कुठल्या गाडीचं होतं देव जाणे, माल वाहणारी असावी, वर गंजाचे पापुद्रे, आत कुणीतरी चिंधी कोंबलेली. पण फिरत होतं मात्र लोण्यासारखं. फक्त त्याला बेल्ट नाही, पुली नाही, नळ्या नाहीत, आणि बॉनेट बंद होत नाही. आता साडू हसायला लागला. "सिद्ध झालेला माल ना? मग झाकण उघडं ठेवूनच सिद्ध करा!" दोघं असे काही जुंपले की शेजारच्या टायरवाल्याने खुर्ची ओढून घेतली. फटाफटने शेवटी हात पुसले, माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "पंखा दादांचा घेतो, बेल्ट-पुल्या-नळ्या साहेबांच्या खोक्यातल्या, मधल्या पट्ट्या मी ठोकून देतो, पेट्रोल किती सोडायचं तेही जुळवून देतो, बॉनेटला भोक पाडतो आणि वरून काहीतरी झाकण टाकू. एखादं मोठं पातेलं आहे का घरी?"

मी म्हटलं, बरं. आणि घरून पातेलं आणलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज. "फ्रिज, मोठं पातेलं कुठे दिसत नाहीये." फ्रिज काय बोलणार! मीही नाही बोललो.

फटाफट होता होता काम कित्येक आठवडे चाललं. मग चाचणी. गाडीत साडू, दादा, फटाफट आणि मी, म्हणजे आमच्या गाडीने जन्मात न उचललेलं वजन. विजेचा खांब आला. माझा पाय सवयीने ब्रेकवर गेला, मागून तिघं ओरडले, "दाब! दाब!" दाबला. आणि पातेल्याखालून अशी शिट्टी निघाली म्हणता, चढावरची सगळी कुत्री एकदम उठून उभी राहिली, आणि गाडी चढली! कण्हली नाही, कुंथली नाही, नळावर उशिरा पोचलेल्या बाईसारखी तरातरा चढली! वर पोचलो तर साडू आणि दादा, ज्यांनी एकमेकांना कधी नमस्कार केला नाही, ते मिठी मारून उभे. "बेल्ट माझा!" "पंखा माझा!" फटाफट रडत होता, त्याचं कुठलंच काम आजवर असं चाललं नव्हतं. आणि मी? मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. म्हटलं, चढली. बरं. आत काही हललंच नाही हो. खिडकीत बायको उभी होती. तिने गाडी बघितली, चौघांना बघितलं, पातेलं जरा जास्त वेळ बघितलं, आणि पडदा ओढला.

एवढं करून पडदा! मी त्या रात्री जेवलो, झोपलो, सकाळी उठून अडकलेल्या माणसांचे फोन घेतले.

पुढच्या रविवारी मी पेपर वाचत बसलोय, ती आली, खिळ्यावरची किल्ली काढली, आणि म्हणाली, "फ्रिज, मी गाडी घेऊन बाजारात जातेय. कुणाला यायचं असेल तर यावं." लायसन्स आमच्या घरात दोघांकडे आहे, पहिल्यापासून. किल्ली तेवढी माझ्याकडे असायची. मी पायात चप्पल सरकवली आणि धावत जाऊन शेजारी बसलो. तिने झकास चालवली. बाजार झाला. एक शब्द नाही. परत निघालो. चढ आला, खांब आला, आता ही दाबेल, शिट्टी वाजेल, आपण दोघं बसून वर जाऊ, आणि संपलं एकदाचं... तर तिने ब्रेक लावला. अगदी खांबापाशी. समोर बघत म्हणाली,

"उतरा."

मी म्हटलं, अगं, आता चढते ती! चौघांना घेऊन चढली! तू बघितलंस खिडकीतून!

"माहितीये मला. उतरा."

आणि मग माझ्या लक्षात आलं. इथे फ्रिज नव्हता! ती माझ्याशी बोलत होती! सरळ माझ्याशी! मी म्हटलं, बरं. आणि उतरलो. ती शिट्टी वाजवत निघून गेली आणि मी चालायला लागलो.

तुम्ही तो चढ कधी चढला आहात का? मी त्या घरात इतकी वर्षं राहतो, मी चढलो नव्हतो! पहिल्या वळणावर पोटऱ्या, दुसऱ्या वळणावर छाती, वर एक बाई कुंडीला पाणी घालता घालता विचारते, "काय हो, अजून चढत नाही का गाडी?" शेवटी शेवटी मी गुडघ्यांवर हात टेकून चढत होतो, आणि मला त्या तुटक्या चपला दिसायला लागल्या. तिच्या हातातल्या. आणि काचेतून हलणारा तो हात. आणि आरशातून बघणारा मी. वाईट वाटलं हो मला. सणकून वाईट वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर तेही भर उन्हात, श्वास नसताना.

वर पोचलो. ती फाटक उघडून उभी, पातेल्याला टेकून. म्हणाली, "दम लागला?"

मी तोंड उघडलं. बरं म्हणायलाच उघडलं असणार, दुसरं काय येतं मला? पण त्यालासुद्धा हवा लागते! निघालं ते नुसतंच, "हो! लागला! खूप लागला! नेहमी तूच का उतरायचीस गं?"

ती मग एकदम हसायला लागली, डोळे पुसत पुसत. म्हणाली, "चला, चहा टाकते. आणि माझं पातेलं मला परत पाहिजे." तेवढं मात्र जमलं नाही, ते काढलं की पाऊस थेट पंख्यात पडतो. तिने नवीन आणलं.

तेव्हापासून घरात सगळं सुरळीत आहे. साडू सगळ्यांना सांगतो, किटमुळे संसार वाचला. दादा सांगतो, जुन्या मालामुळे. मी म्हणतो, बरं. दर रविवारी आम्ही दोघं बाजारात जातो, ती चालवते, वाटेत खूप बोलते, माझ्याशीच बोलते, आणि खांब आला की थांबते. तर तुम्ही जे सारखं विचारता ना, एवढा खटाटोप केलात, गाडी चढते का म्हणून... अहो, चढते! उत्तम चढते! फक्त मी चालत येतो.