काजूच्या बागेत व्हय म्हाराजा

...आणि वर मलाच विचारतात, दत्ता, मजा इली मां? मजा? अहो, छातीवर बशीएवढा काळानिळा डाग पडलाय, चष्म्याची काडी गेली, ती गेली, पण माझी माडाची बाग गेली आणि यांना मजा! तुम्हाला सांगतो, देवानं माणसाला तोंड दिलंय ते कधीमधी नाही म्हणायला, आणि माझ्या तोंडातून जन्मभर एकच बाहेर पडत आलंय. व्हय म्हाराजा.

तुम्ही घाटावरचे असाल तर सांगतो. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही होत नाही. होडी पाण्यात लोटायची असो, विहिरीवर पंप बसवायचा असो, एकानं देवाला हाक घालायची, बाबा रे, ह्यांचं भलं कर, आणि बाकीच्यांनी हात जोडून म्हणायचं, व्हय म्हाराजा. पाळण्यात असल्यापासून ऐकतोय हो. झोपेत कुणी गाऱ्हाणं घातलं तरी मी झोपेत उत्तर देईन.

तर आमचा विनीत. शाळेपासूनचा मित्र, मुंबईला नोकरी, आणि मुंबईवाला गावात आला की दुसऱ्याच्या जमिनीवर काय काय करता येईल ते त्याला फार स्वच्छ दिसतं. देवबाग गावात माझ्या घरामागे, खाडीच्या अंगाला, वडिलांनी लावलेले माड आहेत. जानकी, आमची बायको, तिथे कोकमाची सोलं वाळत घालते, झाडू बांधते, काम आटपलं की तिथेच खाडीकडे बघत बसते. बाईला तेवढी एकच जागा आहे हो! आणि विनीतला तिथे पेंटबॉल काढायचाय. म्हणजे पर्यटकांनी माडाआड लपून एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारायच्या. का? तर म्हणे ताण जातो. कोणाचा?

गणपतीपासून मी त्याला नाही म्हणायचं म्हणतोय. तो म्हणाला, आधी खेळून तर बघ, धामापूरला नवीन सुरू झालंय... मी काय म्हणालो असेन? निघताना जानकीनं दारात अडवलं. "भांडू नकात, कारणा सांगू नकात. नुसता नाय म्हणा आणि येवा." मी तिलाही व्हय म्हटलं.

धामापूरला तळ्याच्या वरच्या अंगाला ती काजूची बाग. जुनी जाळी बांधून कुंपण, आत प्लास्टिकची पिंपं आणि टायर. आम्हा चौघांना एकेक डगला दिला, त्यात आधीच्या माणसाचा घाम अजून ओला होता. तोंडावर मुखवटा. आत माझा चष्मा, चष्म्यावर वाफ, मला समोरचा माणूस आणि काजू सारखेच दिसायला लागले. त्यात भाई अडून बसला. भाई म्हणजे आमच्यातला सगळ्यात थोरला, वाडीतली सगळी गाऱ्हाणी त्याच्याच तोंडची. गाऱ्हाणं घातल्याशिवाय बंदुकीला हात लावणार नाही म्हणाला. मग काय, सगळे मुखवटे घालून, बंदुका काखेत मारून उभे... व्हय म्हाराजा!

आणि तिथेच विनीत हळूच म्हणाला, दत्ता, तू जिंकलास तर बागेचा विषय बंद. हरलास तर बाग माझी. अरे, माझीच बाग, मी का पैज लावू? हे मनात. तोंडातून काय गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

खेळ सुरू झाला. गोळी लागली की बाद, आणि समोरच्यांचा झेंडा आधी पळवील तो जिंकला. माझ्या बाजूला दीपेश, देवबागेत होडी चालवतो. त्याला गिऱ्हाइकाचा फोन आला, तो घ्यायला उभा राहिला, बाद. उरलो मी. त्यांच्याकडे विनीत आणि भाई. मी एका काजूमागे उकिडवा, मुंग्या विजारीत शिरलेल्या, पण तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी हललो नाही! त्यांचा झेंडा हाताच्या अंतरावर, विनीत भलतीकडेच बघतोय. जानकीची बाग वाचली होती हो. वाचलीच होती...

आणि पिंपामागून भाईचा आवाज आला. त्याचे गुडघे धरले होते. म्हातारा माणूस, त्याच्या मनात कपट नाही. आपला देवाला सांगत होता, "बा देवा म्हाराजा, बसलंय तो उठाक येना नाय, माका हयसून सुखरूप भायर काढ रे म्हाराजा..."

आता तुम्हीच सांगा, माणूस अडचणीत आहे, गाऱ्हाणं घालतोय, आणि उत्तर द्यायचं नाही?

मी दिलं. खणखणीत. झेंड्याशेजारून, हात जोडून. बंदूक खाली पडली. विनीत वळला आणि ठाप... पिवळा रंग, छातीच्या मधोमध.

घरी आलो. जानकी बागेतून सोलं गोळा करून येत होती. तिनं माझ्या कॉलरवरचा पिवळा डाग बघितला आणि सोलांची टोपली खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. गेली, तुळशीपुढे दिवा लावला, आणि हात जोडले. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "माज्या घोवाक मरच्या आदी एकदा तरी नाय म्हणाची बुद्दी दी रे म्हाराजा."

आणि मी, मागे उभा, हात जोडून, अगदी मनापासून...

व्हय म्हाराजा.