डावीकडचे साचे

— नाही ताई, भोंगा नव्हे. गिरणीचा भोंगा रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू यायचा. मी म्हणतोय तो साचेखात्यातला आवाज — साचे म्हणजे आमचे कापड विणायचे माग, एका छपराखाली चारशे — खटाक खटाक खटाक, बंद पडून पस्तीस वर्षं झाली तरी माझ्या कानात चालूच आहेत. म्हणून सांगतो, जरा मोठ्यानं बोला. त्या आवाजात तोंडानं कोण बोलणार — आम्ही हातांनी बोलायचो. तुमच्या गाडीचंही तसंच आहे बघा. आत दहा-बारा डबे, इंजिनाचा, ब्रेकचा, स्टेअरिंगचा, गाण्यांचा, आणि सगळे ह्या पिळलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. मशीन लावलं की ते सांगतं, ब्रेकचा डबा बोलत नाही. मग तुमच्या गॅरेजवाल्यानं काय केलं, ब्रेकचा डबा बदलला. दोनदा. त्याला नावं नका ठेवू. जो बोलत नाही त्याच्यावरच आळ घेतात, सगळेच. मी सातवी शिकलेला माणूस, मी आपला एकेक डबा सोडवून बघतो, की कोणाला काढल्यावर बाकीचे बोलायला लागतात. वेळ लागतो.

काय म्हणालात — वडील? गिरणीतले? झटका आला, वाचा गेली… आणि दिवसभर हीच खूण करतात? परत करा. दोन बोटं डोळ्यांकडे, मग तळहात छातीवर, मग खाली दाबल्यासारखा. करताना मान कुठं वळवतात?

डावीकडे.

नाव काय त्यांचं?

रमाकांत… म्हणजे तू पद्मजा. बस, बाय. त्या स्टुलावर बस, हलतं, पण बस. तरी म्हटलं, भोईवाड्यात गाडीचे वायरमन काय कमी आहेत — कोणीतरी सांगितलं असेल, तिथला म्हातारा गिरणीतला आहे, त्याला विचार. त्या खुणेचा अर्थ, 'माझे साचे बघ, मी आलोच.' तंबाखूला, लघवीला जायचं तर शेजाऱ्याला असं सांगून जायचं. दोन साचे त्याचे, दोन माझे. मी त्याच्या डावीकडे असायचो.

संपाला वर्ष होत आलं होतं तेव्हा परळच्या एसटीत मी त्याला शेवटचं बघितलं. खाली मोर्चा, घोषणा, काही ऐकू येईना. त्यानं खिडकीतून हीच खूण केली. साचे तर बंद, बघायचं काय — पण मला कळलं. आई आजारी आहे, गावाला चाललोय, घराकडे बघ, चाळीत सांग. मला सगळं कळलं.

आणि त्याच आठवड्यात चाळीत बोभाटा झाला, आपल्यातला एक जण संप मोडून, पोलिसांच्या जाळीच्या गाडीत बसून कामावर जातो, तोंडाला टॉवेल बांधून. कोण, कोण — तर जो दिसत नाही तो. रमाकांत. तुमच्या दारात कोणी उभं राहीना. नळावर तुझ्या आईची कळशी मागे सारायचे. कौसल्यावहिनी माझ्याकडे आली, म्हणाली, भाऊजी, तुम्ही शेजारचे, तुम्हाला तरी काही बोलले असतील. मी म्हटलं, मला काही बोलला नाही. खोटं नव्हतं ते, बोलला कुठं होता.

थांब हं, हा गाण्यांचा डबा सोडवतो… बघ. बघ, धोक्याचे दिवे गेले सगळे. ब्रेकचा बोलायला लागला. पाणी शिरलंय ह्याच्यात. गाणी चांगली वाजवत होता ना? तेच. बिघडलेला आपल्या जागेवर नीट बसलेला असतो, त्याच्याकडे कोण बघतो, आणि लाइन दाबून धरतो तोच.

टॉवेल माझा होता, पद्मा. तीन दिवस गेलो. घरात पेजेला तांदूळ नव्हते म्हणायला सोपं आहे — कोणाच्या घरात होते? रमाकांत गावाला गेलाय असं मी म्हटलं असतं, तर मग गाडीत कोण, हे आलं असतं. तो परत आला तेव्हा तुमचं बिऱ्हाड शीव कोळीवाड्याला गेलेलं. मी तिकडे कधी… म्हणजे एकदा माटुंग्यापर्यंत चालत गेलो होतो. तिथून परत फिरलो.

त्याला माझं नाव सांगू नकोस. नाही, नाव राहू दे — त्या खुणेला एक जवाब असतो, तेवढा घेऊन जा. तू त्याच्या डावीकडे उभी राहा आणि कर, म्हणजे त्याचा हात थांबेल. सोपा आहे. मूठ वर, अशी, आणि मान एकदा हलवायची. म्हणजे, 'बघतो, तू जा.' अशी —

पद्मा.

इकडे बघितल्याशिवाय कसं दिसेल. मूठ, अशी… पाठीला नाही दिसत, बाय.

गाडी राहिली तुझी.