हात वर धरला की चित्र येतं

हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार.

…हो बेबी, पाहिला. आत्ताच संपला.

थांब, दार लोटून घेते. आई जागी आहे… हं, बोल. जिन्यात आलेय. इथं आवाज घुमतो, हळूच बोलते.

…नाही गं, रागावले कशाला. हात दुखतोय, म्हणून आवाज तसा येत असेल.

…उजवा. पडले-बिडले नाही. तुझ्या कार्यक्रमापायी दुखतोय. सुरू झाल्यापासून संपेपर्यंत अँटेना हातात धरून उभी होते.

…थट्टा नाही करत. ऐक तर.

तू फोन केलास, म्हणालीस, ताई, तिथल्या चॅनेलवर माझी मुलाखत आहे, आईला दाखव. आणि ठेवलास. आता ते चॅनेल आपल्या डिशवर येत नाही. मोबाइलवरही नाही. ते टेकडीवरच्या मनोऱ्यावरून येतं, हवेतून. ज्याच्याकडे अँटेना त्याला दिसणार. आणि इकडे आईचा सारखा धोशा. बेबी टीव्हीवर येणार, लाव ना, लागलं का, बघ ना.

…हो, होता की गच्चीवर, बाबांनी लावलेला. त्याच्या काड्या कधीच गेल्या. उरलेल्या दांड्याला दोरी बांधून मी आईच्या चादरी वाळत घालते.

…मग काय, अँटेनावाल्याला बोलावलं. भला माणूस आहे, पण बोलतो फार. म्हणाला, टीव्ही नवा आहे, वेगळी पेटी नको, सगळं आतच असतं. गच्चीवर नवा बसवायला त्याला सवड नव्हती, म्हणून एक छोटा देऊन गेला. वहीएवढा, चपटा. मी विचारलं, पडद्यावर मुंग्या येतील का हो? तर हसला. म्हणाला, मुंग्या गेल्या आता. आता एक तर लख्ख दिसतं, नाहीतर काहीच दिसत नाही. मधलं काही नसतं.

…हो, तेच सांगतेय. टीव्हीला चॅनेलं शोधायला लावली. शोधतोय, शोधतोय, एकही सापडेना. खिडकीत ठेवला तर दोन सापडली, त्यात तुझं नाही. समोर ती उंच इमारत झाली ना, टेकडी पार तिच्यामागे गेली. मग हा अँटेना घेऊन मी खोलीभर फिरले, आरती ओवाळल्यासारखी. कपाटावर, आईच्या पलंगाच्या दांडीला, झाडूच्या काठीला बांधून… तुकडे तुकडे दिसायचे, चौकोन चौकोन. निम्मा माणूस एकीकडे, निम्मा भलतीकडे. आणि एका कोपऱ्यात, डोक्याच्या वर हात नेला, तर लागलं. अगदी आरशासारखं. ठेवायला गेले तर गेलं. हातात धरलं की येतं, सोडलं की जातं.

…काय बांधणार तिथं? ना खुंटी, ना फळी. आणि तुझं सुरू झालं होतं. मग धरला.

…कशी दिसत होतीस ते मला काय माहीत. तो कोपरा टीव्हीच्या मागं आहे. मला टीव्हीची पाठ दिसत होती आणि आईचं तोंड. तू मला नुसती ऐकू आलीस.

…आई म्हणाली, बारीक झालीय. म्हणाली, केस छान केलेत. सकाळी मला चष्मा दोनदा पुसायला लावला होता. उशा रचून बसवलं तिला. हसत होती. मला वाटलं, चला, हात दुखला तर दुखला.

…हो ना, त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चांगलंच विचारलं तुला. म्हणाल्या, आईंचं सगळं तुम्हीच बघता? आणि तू म्हणालीस, कुणीतरी बघायलाच हवं ना.

…बरोबर. 'मी बघते' असं नाही म्हणालीस. पण 'नाही' असंही नाही म्हणालीस.

…एकदा म्हणालीस 'आम्ही'. ऐकलं मी. मी म्हटलं, आता येईल माझा विषय. आला. 'घरात मदतीला एक जण असते.'

…नाही, तू हेच म्हणालीस. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. शब्द न् शब्द. अगदी लख्ख.

…असेल. घाईत निघालं असेल तोंडून. मी काही म्हटलंय का? मी मदतीला असतेच. नोकरी सोडून मदतीला आहे.

…आजारी माणसाचं कसं करायचं यावर तू पुस्तक लिहितेस, व्याख्यानं देतेस, ती लोकांना आवडतात, त्यांना आधार वाटतो. खरं आहे. मीच सांगते सगळ्यांना, माझी बहीण लिहिते म्हणून. पण बेबी, ते उशांचं. एक पाठीशी, एक गुडघ्यांत, एक टाचेखाली. ते पाणी चमच्यानं देताना हनुवटी खाली धरायची, वर नाही. ते पाठ पुसताना बोलत राहायचं म्हणजे तिला लाज वाटत नाही. हे तुला कुठं कळलं?

…माझ्याकडून. फोनवरून. मला वाटायचं, तू चौकशी करतेस. मधेच थांबवून विचारायचीस, मग तू काय केलंस, मग आई काय म्हणाली, नक्की कसं म्हणाली. मला बरं वाटायचं गं. दिवसभर मी आणि ती. कुणीतरी ऐकतंय एवढंच मला पुष्कळ होतं. तिकडं तू लिहून घेत असशील असं मनातही आलं नाही.

…नाही, तेही चाललं असतं. खरंच सांगते. उशा काय, पाणी काय, घे, वापर, कुणाच्या तरी आईच्या उपयोगी पडेल. त्यावर मी हात खाली घेतला नाही. दुसऱ्यावर घेतला.

…तू विसरलीस? मला वाटलंच होतं.

त्या बाई म्हणाल्या, मनाला भिडलेला एखादा प्रसंग सांगा. आणि तू म्हणालीस, एका रात्री मी पाणी प्यायला उठले…

…हो. ते.

मला पुढचं वाक्य माहीत होतं. अगं, माझंच होतं ते. मी हात खाली घेतला.

…गेलं ना. चित्र जागच्या जागी थांबलं असणार, आवाज बंद. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, सिग्नल गेला. ती म्हणाली, गेला कसा, धर ना नीट, बेबी बोलतेय. आणि बेबी, ती माझ्याकडं अशी बघत होती… लहान मूल बघतं तसं. मी धरला. पुन्हा वर.

…का म्हणजे? आई धर म्हणाली. तिनं सांगितलं की मी धरते. इतकी वर्षं दुसरं काय करतेय?

आणि नेमकं तेव्हा आलं. 'आणि माझ्या लक्षात आलं, आई झोपलेली नाही. मला झोप मिळावी म्हणून ती झोपेचं सोंग घेतेय.' एकही शब्द तुटला नाही. मधलं गेलं, एवढं मात्र स्वच्छ आलं.

…टाळ्या पडल्या. हो. ऐकल्या.

बेबी, ती सारखी हाक मारायची मला रात्रीची. मग हळूहळू मारेनाशी झाली. मला वाटलं, नवं औषध लागू पडलं. मग त्या रात्री तिचे डोळे उघडे दिसले आणि मी जवळ गेले तशी तिनं मिटले. वर घोरायला लागली. तिला धड घोरताही येत नाही, तोंडानं फुर्र करत होती. मी पाणी प्यायले. जाऊन पडले. तिला वाटायचं मला कळत नाही, आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. आमच्या दोघींत तेवढंच एक होतं जे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती माझ्यासाठी काहीतरी करत होती. पलंगावर पडल्या पडल्या तिला करता येईल असं तेवढंच उरलंय तिच्याकडं.

…हो, तुला सांगितलं. याच जिन्यात बसून. रडत होते मी. तूही रडलीस. मग विचारलंस, कुठल्या कुशीवर होती ती?

…नाही, मी कुठं म्हणतेय ते रडणं खोटं होतं. खरंच असेल. तरी टीव्हीवर सांगितलंस.

…आईचं काय झालं? सांगते.

हसू गेलं. एवढंच दिसलं मला. रडली-बिडली नाही. कार्यक्रम पुढं चालू होता, मी हात वर धरून उभी, आणि ती टीव्हीकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. संपलं तेव्हा म्हणाली, बंद कर. मी बंद केला. हात खाली येईना माझा, दुसऱ्या हातानं धरून आणला. मुंग्या आल्या होत्या. टीव्हीवरच्या गेल्या त्या माझ्या हातात आल्या.

…थांब, सांगते ना.

म्हणाली, थोरले, तुला माहीत होतं? मी मान हलवली. मग म्हणाली, आणि तू तिला सांगितलंस?

…तुझ्याबद्दल? तुझ्याबद्दल एवढंच म्हणाली, ती काय, बोलण्याचंच काम करते. तू का सांगितलंस.

…नाही, तुझ्यावर नाही रागावली. तुझ्यावर नाहीच रागावली. मी तेच सांगतेय तुला. ती माझ्यावर रागावलीय.

मग म्हणाली, मला भिंतीकडं वळव.

…आता तिला स्वतःहून वळता येतं का? तिला माझ्याकडं पाठ करायची होती, आणि तीही मलाच करून द्यावी लागली. वळवली. पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी, टाचेखाली उशी. बोलत राहायचं असतं ना, म्हणून काहीबाही बोलत होते.

…रडू नकोस. रडून आता काय.

…नको. तिच्याशी आत्ता नको बोलूस म्हणतेय मी. काय सांगशील? की ते प्रेमानं सांगितलं? तिला कळतं ते. डोकं शाबूत आहे तिचं.

…कोण येणार?… रविवारी?… घरी?

…म्हणजे त्यांना आवडलं आणि पुढचा भाग आईच्या खोलीत करायचाय. तू तिचे केस विंचरतेस असा.

…मी? मी कुठं असायचं तेव्हा?… हं. स्वयंपाकघरात बसायचं, असं म्हणतेस. चहाचं बघायला. मदतीला एक जण.

…नाही, ओरडत नाहीये. जिना आहे, घुमतंय.

…नाही बेबी. कॅमेरा नको. तू ये. कॅमेऱ्याशिवाय ये, आणि राहा. मी जाते कुठंतरी, मैत्रिणीकडं, कुठंही, झोपून येते. सगळं तुला तोंडपाठ आहेच. टीव्हीवर इतकं नीट सांगितलंस, काही विचारायलासुद्धा लागणार नाही.

…शनिवारी काय आहे?… व्याख्यान. कुठल्या विषयावर?

…हं.

…नाही, हसले नाही. खोकला आला.

…मग पुढच्या महिन्यात बघू, असं तूच म्हणतेस. बघू. पण त्या लोकांना सांग, घरात आजारी माणूस आहे, चित्रण जमणार नाही. तू नाही सांगितलंस तर ते दारात येतील आणि मी दार उघडणार नाही. मग तेही तुला सांगायला लागेल कुणाला तरी. एवढंच तुझ्या हातात आहे, ते कर.

…मी काय करणार? आता भात मऊ करून नेते. खाल्ला तर खाल्ला. मग दिवा मालवायचा. ती भिंतीकडं तोंड करून पडणार, मी माझ्या गादीवर. आता तिला सोंग घेता येणार नाही, आणि मला झोप लागणार नाही. तिनं घेतलं तरी मला कळतं हे तिला माहीत आहे. हाक तर ती मारणार नाही. हट्टी आहे. कूस बदलायची असली तरी मारणार नाही. मग मलाच उठून उठून बघावं लागेल.

…हो, मी सांगितलं म्हणूनच झालं. तेच म्हणाली ती. खरंच आहे ते.

…उद्या? कर की फोन. कर. का नाही करायचा.

…थांब, आतून काहीतरी… नाही. काही नाही. भांडं असेल.

…काय?

…बरी आहे.

…म्हणजे बरी आहे. सकाळी विचारलंस तरी बरी, संध्याकाळी विचारलंस तरी बरी.

…काय म्हणाली, कशी म्हणाली, ते नाही. बरी आहे.

…अगं, काय सांगत नाही? सांगतेय ना. आई बरी आहे, मी बरी आहे, पाऊस नाही, ऊन नाही, सगळं बरं आहे. लिहून घे.

…

…हो, ऐकू येतंय. अगदी स्वच्छ येतंय.

…ठेवते बेबी. भात लागेल खाली.