खोक्याच्या फळीचं हाड

—नाही, सूनबाई नाहीये दुकानात, ठोंब्याचे टाके काढायला गेलीय. ठोंब्या म्हणजे तिचा कुत्रा. मी तिचा सासरा—सुतार होतो, आता तिच्या या घरातल्या दुकानात कुत्र्यांची वाडगी राखत बसतो. तुम्ही कोण म्हणालात? लाकडी खेळणी पाठवणारे? अच्छा, म्हणजे ते तुम्ही! माल का बंद केला विचारायला आलात? फोन उचलत नाही म्हणता? उचलेल कशाला!

काय एकेक धंदे काढलेत हो तुम्ही लोकांनी! चाळीस वर्षं मी दारं केली, खिडक्या केल्या, पाळणे केले—आणि तुम्ही काय करता? कुत्र्याला चघळायला हाड! तेही लाकडाचं! वर चिठ्ठी काय, तर नैसर्गिक. अहो, विषारी पाला पण नैसर्गिकच असतो, चारता का कोणाला? आणि गिऱ्हाइकं तर त्याहून शहाणी. परवा एक बाई आल्या, सोफ्याला शोभेल असं गुलाबी वाडगं पाहिजे म्हणे. सूनबाई घसा फोडून सांगतेय—प्लास्टिकला चरे पडतात, त्यात घाण बसते, कुत्र्याच्या हनुवटीला पुरळ येतं, साधं स्टीलचं घ्या. बाईंचं आपलं गुलाबी ते गुलाबीच. दिलं नाही हो तिनं! हात हलवत परत पाठवलं. असं दुकान चालवतात? रबरी चेंडू आला की आधी नाकाला लावणार. दोरीचं खेळणं आलं की गरम पाण्यात बुडवून रंग सुटतो का बघणार. आणि लाकडाचं असलं तर—खोटं नाही सांगत—स्वतःच्या दाताखाली धरून बघणार! शिकलेली बाई! मी हसायचो. तोंडावर हसायचो.

एकदा म्हटलं, दाखवूच हिला, यात काय एवढी अक्कल लागते. माळ्यावर एका खोक्याची फळी पडली होती. कापली, घासली, उरलेलं पॉलिश मारलं—असं झकास हाड झालं, तुमचं त्यापुढे काहीच नाही. ती बाहेर गेली की काढायचो, यायच्या आत लपवायचो. म्हटलं, चांगलं महिनाभर चघळू दे, मग समोर ठेवू. ठोंब्या काय नाचायचा हो ते बघून! गोल गोल फिरायचा, माझ्या पायात यायचा. चाळीस वर्षांत माझ्या कामावर कोणी एवढं खूश झालं नव्हतं—दार करून दिलं की लोक कुरकुरतंय का तेवढंच बघतात.

पाचव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. पोट दगडासारखं. डॉक्टरनं पोट फाडलं, तर आत लाकडाच्या चिपा—बोटाएवढ्या. सूनबाईनं त्या बाटलीत घालून आणल्या, या इथंच टेबलावर ठेवल्या आणि खाली फरशीवर बसली. म्हणाली, "बाबा, मी ते पार्सलातलं हाड दातानं बघितलं होतं हो. तरी कसं झालं माझ्या हातून?" रडत होती. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, हल्लीच्या सुतारांवर विश्वासच ठेवू नये.

असे काय बघताय? वाचला की कुत्रा! कुठं मेलाय? खोक्याची फळी उभी फाटते हे काय मला ठाऊक नव्हतं? पहिल्या दिवशी शिकवतात ते. ठाऊक होतं म्हणून तर सांगवत नाही… द्या इकडे ते तुमचं हाड, पिशवीतलं. हं. गाठ नाही कुठं. पॉलिश नाही. दात घासला तरी चीप निघायची नाही याची. चांगलं केलंय—त्याचाच तर संताप येतो, कळलं? धरा. ठेवा पिशवीत.

सांगेन म्हणता? कोणाला, तिला? आणि मग मी कुठं बसू? याच घरात, याच टेबलाशी, तिच्या हातचं जेवत? तुमचं काय, शंभर दुकानं मिळतील. मला कुठली दुसरी सून आहे?

थांबा. फाटक वाजलं. आलीच ती. तुम्हाला तिनं कधी पाहिलेलं नाही ना? पार्सलच यायचं तुमचं. मग गप्प बसा. एक शब्द नाही.

—ये गं. निघाले टाके? शहाणा माझा ठोंब्या. हे होय? कोणी नाही गं, पत्ता विचारत होते. चुकलेत. —अहो, उभे काय राहिलात? सांगितलं ना, इथं नाही म्हणून. निघा.