वरच्या कोर्टासाठी राखून ठेवलेलं बोलणं

जमलेल्या सगळ्या मंडळींनो, भावांनो, बायांनो. अण्णा. वहिनी.

माईक जरा खाली करता का कुणी? हं. बरं.

मला कितपत बोलता येईल, मलाच माहीत नाही. मधे थांबले तर थांबू द्या. पाणी आणून देऊ नका आणि ‘बस झालं ताई’ म्हणून खाली बसवू नका.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी सुनंदा. बाळारामची धाकटी बहीण. कल्याणला दिलेली, तिथे अंगणवाडीत काम करते. तुमच्यासाठी तो बाळाराम, कुणासाठी बाळूशेठ, कुणासाठी मुकादम. माझ्यासाठी दादूस.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे चांगलंच बोलले. कुणी म्हणालं देवमाणूस. कुणी म्हणालं आपल्या कोन गावाचा आधार गेला. बाहेर रस्त्याला फ्लेक्स लागलाय. दादूसचा फोटो एवढासा आणि हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो त्याच्या दुप्पट. तो दादूसचा फोटो कुठला, ठाऊक आहे? जामिनाच्या कागदांना लावायला काढलेला. त्याचा दुसरा चांगला फोटो घरात निघालाच नाही.

पण मंडळी, एक शब्द कुणीच बोललं नाही. तो मी बोलते. खुनी. सरकारच्या कागदावर माझा दादूस आजही खुनी आहे. जन्मठेप झालेला, अपिलात जामिनावर सुटलेला खुनी. तो तसाच गेला. आणि आपण इथे बसून त्याला देवमाणूस म्हणतोय. देवमाणूस होता, तर कोर्टात सांगायला कुणी का आलं नाही?

वहिनी, रडू नकोस. मला बोलू दे.

नव्या सुनांना, लहान पोरांना नीट माहीत नसेल. गोडाऊनकडे जाणाऱ्या वाटेवरून आपल्या घराचं आणि शेजारच्या घराचं भांडण होतं. एके दुपारी ते हातघाईवर आलं. शेजारचा विलास, तरणाताठा पोरगा, त्याच्या डोक्यात सळई बसली. भांडण पेटलं तेव्हा दादूस कुठे होता? नारपोलीला, लूमच्या कारखान्यात, ड्युटीवर. त्याला फोन गेला, घराकडे राडा चाललाय. तो तसाच निघाला. धामणकर नाक्यावर सलीमभाईच्या रिक्षात बसला. कोनला पोचले तेव्हा मारणारे पळत सुटले होते आणि विलास एकटा पडला होता. दादूसने आणि सलीमभाईने त्याला उचललं, रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं. विलासचं डोकं दादूसच्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात पोरगा गेला.

दादूसचा शर्ट रक्ताने भरला. तोच शर्ट पुढे पुरावा झाला.

विलासच्या बापाने फिर्यादीत आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली. आपल्याकडे तसंच होतं. भांडतो एक आणि फिर्यादीत अख्खं घर जातं. त्या बापाला मी दोष देत नाही. त्याचा पोरगा गेला होता. तो कुणाकुणाला बघत बसणार?

पण दादूस घाबरला नव्हता हो. तो म्हणायचा, “मी मारला न्हाय, मी उचलला. जज्जाला सांगेन ना मी. सांगितल्यावर कलेल त्याला.” एवढा साधा विश्वास. आपल्याला विचारतील, आपण सांगू, सुटू.

पहिल्यांदा त्याला तालुक्याच्या कोर्टात उभं केलं. मी मागच्या बाकावर होते. साहेबांनी विचारलं, “पोलिसांबद्दल काही तक्रार आहे?” दादूस म्हणाला, “न्हाय साहेब.” साहेबांनी खाली बघून लिहिलं आणि कोठडी दिली. झालं. दादूस माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर नेताना मला म्हणाला, “अगं, मना काय झाला ते इचारलाच न्हाय.”

तेव्हा अण्णा, तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. तुम्ही आमचे चुलते, घरातले मोठे. तुम्ही म्हणालात, “इथं काय बोलू नको. इथला साहेब छोटा. वर बघू.”

वर बघू! मंडळी, हे दोन शब्द लक्षात ठेवा. या दोन शब्दांनी माझ्या भावाचा जीव घेतला.

खुनाची केस तालुक्याच्या कोर्टात चालतच नाही. ते साहेब कोठडी देतात, दोषारोपपत्र आलं की आरोपीला त्याच्या नकला देतात आणि केस वर सेशन कोर्टाकडे पाठवतात. नियमच आहे तो. पण आपल्या घरात काय झालं? केस जिल्ह्याला गेली म्हणून माणसं खूश! आता मोठ्या साहेबांपुढे होईल, म्हणाली. जणू दादूसला बढतीच मिळाली.

आणि खरं सांगते, ज्याला बोलायचं होतं त्याच्यासाठी तेच कोर्ट होतं. सगळा खेळ तिथे असतो. साक्षीदार तिथे येतात, समोरासमोर तिथे उभे राहतात, उलटतपासणी तिथे होते. तिथे जे लिहिलं जातं तेच पुढे वर जातं. हे मला आता कळतं. तेव्हा आपल्यातल्या एकालाही कळत नव्हतं. आणि ज्यांना कळत होतं ते गप्प बसले.

सलीमभाईला त्या कोर्टात कुणी बोलावलं नाही. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला होता, पण सरकारी वकिलाने त्याला तपासलाच नाही. ठीक आहे, तो सरकारचा वकील. मग आपल्या वकिलाने का नाही बोलावला? आपल्याला बचावाचा साक्षीदार देता येत होता. दादूस दुपारी कुठून कुठे आला, कधी आला, कोण पळून गेलं होतं, हे सगळं पाहणारा एकच माणूस होता, तो सलीमभाई.

मी मागे धामणकर नाक्यावर जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, “दीदी, मैं तो आज भी बोलूंगा. मुझे किसी ने बुलाया ही नहीं. एक बार आपके घर से लोग आए थे, बोले, तू परदेसी आदमी, इस झमेले में मत पड़.”

आपल्या घरातून माणसं गेली होती, मंडळी. समोरच्या घरातून नव्हे, आपल्या!

का गेली होती? कारण सलीमभाई उभा राहिला असता तर दादूस सुटला असता, पण सळई कुणाच्या हातात होती हेही निघालं असतं. रिक्षा वळली तेव्हा सळई टाकून पळणाऱ्याला त्याने पाहिलं होतं. त्याचं नाव मी आज घेणार नाही. तो या मंडपात बसलाय. मघाशी फोटोला हार त्यानेही घातला, तो मी पाहिलाय.

बसा. बसा, अण्णा. मी कुणाचं नाव घेतलं का? मग तुम्ही का उठताय?

खटल्याच्या शेवटी जज्जसाहेब आरोपीला स्वतः विचारतात. कायद्यात आहे ते. एकेक साक्ष वाचून दाखवतात आणि विचारतात, याबद्दल काय म्हणणं आहे? आणि सगळ्यात शेवटी विचारतात, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?

विचारलं हो त्याला! ज्यासाठी तो तुरुंगात इतकी वर्षं थांबला, ते अखेर विचारलं. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केलेला माणूस. घरात साधं मीठ मागायचा तरी शेजारच्या आळीला ऐकू जायचं. आम्ही हसायचो, दादूस, हळू बोल, लूम बंद आहे. तो माणूस त्या दिवशी इतकं हळू बोलला की जज्जसाहेब म्हणाले, “मोठ्याने सांगा.”

तो म्हणाला, “काही नाही साहेब.”

आदल्या तारखेला त्याला सांगून ठेवलं होतं. इथं तोंड उघडशील तर फसशील. जे काय बोलायचं ते हायकोर्टात बोल. तिथले जज्ज मोठे. आणि दादूसने मोठ्या माणसांचा शब्द कधी मोडला नव्हता.

बाकीच्यांना संशयाचा फायदा मिळाला. ते घरी आले. त्यांच्यासाठी बँड लावला होता आपल्या गल्लीत. आठवतं का? दादूसच्या शर्टावर रक्त होतं, ते कसं आलं हे सांगणारा कुणी नव्हता, तो स्वतःही बोलला नाही. त्याला जन्मठेप. मी त्या जज्जसाहेबांना काय म्हणू? त्यांच्यापुढे जे ठेवलं ते त्यांनी वाचलं. ठेवायचं काम आपलं होतं.

मग हायकोर्ट. अपील दाखल झालं. अपील लवकर चालणार नाही म्हणून शिक्षा थांबवून त्याला जामीन दिला. तो घरी आला. पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, जिल्ह्याबाहेर जायचं तर विचारायचं. लूमवर कुणी परत घेईना. पण चेहरा खुलला होता त्याचा. म्हणायचा, “आता मोठ्या कोर्टात उभा राहणार मी.” माझ्या घरी आला की कपाटाच्या आरशासमोर उभा राहून पाठ करायचा. “मायलॉर्ड, मी बाळाराम. मी नारपोलीला ड्युटीवर होतो.” मला जज्ज करून खुर्चीत बसवायचा. मी हसले की चिडायचा, म्हणायचा, जज्ज हसत न्हाय.

एकदाचं अपील सुनावणीसाठी बोर्डावर लागलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मी सोबत गेले. ती उंच दारं, ते पंखे, दोन जज्ज शेजारीशेजारी. सगळं इंग्रजीत. आपल्या अपिलाचा नंबर पुकारला. दादूस उठला, दोन्ही हात जोडून पुढे निघाला. आमच्या वकीलबाई मागे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “काका, बसा. इथे तुम्हाला बोलायचं नसतं. खालच्या कोर्टात जे लिहिलं गेलं, त्यावरच इथे बोलतात.”

बायांनो, तेव्हा माझ्या भावाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. तो तिथेच उभा राहिला. शिपायाने दंडाला धरून बाजूला केला. तेवढ्यात पुढची तारीख पडलीसुद्धा. बाहेर व्हरांड्यात येऊन तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, “सुने, मग मी कुठं बोलायचा होता?”

सांगा ना. अण्णा, तुम्ही सांगा. कुठे बोलायचं होतं त्याने?

त्यानंतर तो बोललाच नाही फारसा. डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणू देत. मी बहीण आहे, मला माहीत आहे तो कशाने गेला.

आता मुद्द्याचं बोलते. परवा अण्णा आणि दोनचार मोठी माणसं वहिनीकडे येऊन सांगून गेली. आता माणूसच गेला, केस आपोआप मिटते. उगाच उकरू नका. पोराचं लग्न करायचंय. शेजारच्यांशीही आता बरं चाललंय.

आरोपी मेला की अपील संपतं, हे खरं आहे. पण अर्धंच. मी वकीलबाईंना विचारून आले. अपील संपतं म्हणजे शिक्षा पुसली जात नाही. सेशन कोर्टाचा निकाल तसाच राहतो. दादूस कायमचा खुनी राहतो. त्याच्या पोराच्या मागेही ते राहतं, लग्नात आणि लग्नानंतरही. पण कायद्यानेच एक वाट ठेवली आहे. महिनाभराच्या आत जवळच्या नातेवाइकाने परवानगी मागितली तर मेलेल्या माणसाचं अपील पुढे चालवता येतं. नवऱ्यासाठी बायको मागू शकते, बापासाठी पोरगा मागू शकतो. आणि भावासाठी बहीणही मागू शकते.

वहिनी, तू सही केलीस तर मला आनंद होईल. नाही केलीस तरी मी रागावणार नाही. तुला याच घरात, याच माणसांत राहायचंय. मला नाही. मी आज सकाळी इथे येण्याआधी वकीलपत्रावर सही करून आलेय.

सलीमभाईची साक्ष घ्या, असाही अर्ज करणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, एवढ्या उशिरा हायकोर्ट नवी साक्ष सहसा घेत नाही, अवघड आहे. असू दे अवघड. पण सलीमभाई एकटा परका माणूस. त्याच्या शेजारी या गावातला एखादा माणूस उभा राहिला तर गोष्ट वेगळी. त्या दुपारी ओट्यांवर, खिडक्यांत, पानाच्या टपरीवर तुम्ही किती जण होतात! विलासच्या आईलासुद्धा तिचं पोर कुणी मारलं ते अजून खरं कळलेलं नाही. तिला चुकीचं नाव देऊन आपण गप्प केलं. ती आज इथे आली आहे. मागे, खांबाजवळ बसली आहे. तिच्याकडे एकदा वळून बघा.

मावशी, तुम्ही आलात. तुमचे उपकार आहेत. ज्याने तुमच्या पोराला मांडीवर घेतलं त्याच्यासाठी आलात असं मी समजते.

माझं बोलणं संपलं. दादूस, तुला नमस्कार करते. तुझ्याऐवजी मी उभी राहीन, मला बसवलं तरी परत उठेन.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. तुम्हीही, अण्णा. आपण त्याच्यासाठी दोन मिनिटं शांत राहू.

दोनच मिनिटं. त्याहून जास्त नको.